पोकळ गोळे, घट्ट दार

संस्थेत तिला सगळे गोळेवाली म्हणायचे. पाठीमागेच म्हणायचे, पण तोंडावर म्हटलं असतं तरी तिने मनाला लावून घेतलं नसतं. माणसाने उमेदीची वर्षं ज्यात घातली त्याचं नाव त्याला चिकटणारच. फरक एवढाच, की कुंभाराचं मडकं निदान दिसतं. हिचे गोळे कोणाच्या बापाला दिसत नसत. काचेच्या कुपीत तळाशी चिमूटभर पांढरी पूड, संपलं. त्या चिमटीत लाखो गोळे आहेत, एकूणएक आतून पोकळ आहेत आणि यूव्ही दिव्याखाली धरले की लालभडक उजळतात, असं ती सांगायची. ऐकणारा मान डोलवायचा आणि हळूच घड्याळ बघायचा.

हे गोळे होतात कसे ते आधी सांगून टाकायला हवं, कारण सगळं त्रांगडं तिथेच आहे. साखरेचं पाणी जाड पोलादी भांड्यात घट्ट कोंडून तापवायचं. साखर करपते, पण करपताना तिचे एकसारखे, अगदी बारीक काळे गोल दाणे होतात. ते धुऊन घ्यायचे. मग यट्रियम आणि युरोपियम. दुर्मीळ मृदा म्हणून धातूंची एक भावकी आहे, तिच्यातले हे दोघे. यट्रियमने घर बांधायचं आणि युरोपियमने त्यात दिवा लावायचा, असा त्यांचा संसार. त्यांच्या क्षारांच्या गरम पाण्यात युरिया टाकून हे काळे दाणे ढवळत ठेवले की दाण्यांवर पातळ थर चढतो. शेवटी भट्टी. भट्टीत आतला कोळसा सावकाश जळून निघून जातो आणि वरचं कवच तेवढं मागे उरतं. अंड्याला भोक पाडून आतलं फुंकून काढलं तर टरफल उरेल ना, तसं. त्या पोकळीत औषध भरून शरीरात सोडावं आणि ते कुठवर पोचलं हे त्याच्याच उजेडात बघावं, असं सर भाषणांत सांगत. सर म्हणजे तिचे प्रमुख. ती स्वतः एवढं लांबचं बोलत नसे. गोळे भट्टीत फुटू नयेत, एवढंच तिचं मागणं होतं.

आणि एकदा ते फुटले नाहीत.

त्या दिवशी मायक्रोस्कोपवाल्याने थट्टा केली नाही, त्यावरूनच तिला कळलं. हा गृहस्थ बारा महिने त्या गारढोण खोलीत स्वेटर घालून बसलेला असायचा आणि ती कुपी घेऊन आली की ठरलेला प्रश्न विचारायचा, "काय बाई, आज भुगा आणलाय की चुरा?" त्या दिवशी त्याने पडद्याकडे पाहिलं, आपली खुर्ची मागे सरकवली आणि तिला बसायची खूण केली. पडद्यावर गोळेच गोळे. गुळगुळीत, गरगरीत, एकाला एक लागून. त्यातल्या एकाला चीर गेली होती आणि चिरेतून आतला रिकामा अंधार दिसत होता. गोळा पोकळ असल्याचा याहून चांगला पुरावा कोणता असणार? ती खुर्चीवर बसली ती उठेचना. "बाई, माझ्या खोलीत रडायचं नाही, यंत्राला दमट हवा सोसत नाही," असं म्हणून त्यानेच तिला बाहेर काढलं.

घरी येऊन तिने पहिल्यांदा बाबांना सांगितलं. बाबा भट्टीवाले. जन्मभर त्यांनी लोकांच्या भट्ट्या बांधल्या. बेकरीच्या बांधल्या, काच वितळवणाऱ्यांच्या बांधल्या, मीनाकारीवाल्यांच्या बांधल्या. आगीशी कसं वागायचं हे ती पुस्तकाच्या आधी त्यांच्याकडे शिकली होती. आच वाढवायची ती हळूहळू, तिला घाई खपत नाही, हे त्यांचं वाक्य तिने संशोधनात जसंच्या तसं वापरलं होतं. बाबांना गोळ्यांचं फार काही कळलं नाही, पण भट्टीचं मात्र त्यांनी खोदून खोदून विचारलं. तिने खरं ते सांगितलं. भट्टी खिळखिळी झालीये, दाराची खालची कड झिजून बोट जाईल एवढी फट पडलीये, मागची भिंत धगीने पिवळी पडलीये आणि कंपनीचा माणूस येतो येतो म्हणतो आणि येत नाही.

"अशा भट्टीवर काम करतेस?" बाबा म्हणाले. त्यांना ते शरमेचंच वाटलं. भट्टीवाल्याची मुलगी, आणि तिच्या भट्टीला फट.

सरांची परवानगी मिळायला वेळ लागला नाही. फुकटात होत असेल तर कोणाला नको असतं? सुट्टीच्या दिवशी बाबा पिशवी घेऊन संस्थेत आले. छिन्नी, हातोडी, थापी, भट्टीचं सिमेंट, फटीत ठासायची जाडजूड पांढरी दोरी. म्हातारा माणूस गुडघे टेकून भट्टीत डोकं घालून बसला. ती बाजूच्या खोलीत काचेची भांडी धूत होती आणि मधूनमधून त्यांचं पुटपुटणं ऐकू येत होतं. संध्याकाळी त्यांनी तिला हाक मारली, दार लावलं आणि म्हणाले, "ऐक." दार थप् करून बसलं. त्यांनी ते पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. पुन्हा तोच आवाज. "आता मुंगीसुद्धा जाणार नाही," ते म्हणाले. एवढं खूश झालेलं त्यांना तिने फार वर्षांत पाहिलं नव्हतं. सबंध रस्ताभर ते त्या दाराबद्दल बोलत होते.

त्याच आठवड्यात ते न्हाणीघरात पडले. उजवं अंग गेलं. हात गेला, पाय गेला, जीभ जड झाली. ते दार त्यांच्या हातचं शेवटचं काम ठरलं.

पुढचे कित्येक दिवस दवाखान्यात गेले. ती परत कामावर आली तेव्हा गोळ्यांवरचा तिचा शोधनिबंध छापून आला होता, सरांना ठिकठिकाणी बोलावणी येत होती आणि सगळ्यांना आणखी गोळे हवे होते. तिने पदर खोचला आणि तोच सगळा खटाटोप नव्याने मांडला. साखर, पोलादी भांडं, युरिया, भट्टी. कुपी घेऊन ती गारढोण खोलीत गेली.

"काय बाई, भुगा की चुरा?"

चुरा होता. फुटक्या कवचांचे तुकडे, करडे पडलेले. दिव्याखाली धरले तर उजेड असा, की आहे म्हटलं तर आहे, नाही म्हटलं तर नाही.

असं एखाद्या वेळी होतं. दुसऱ्यांदा झालं. मग होतच राहिलं. तिने साखर बदलली. साखरेची बाटली नवी होती म्हणून जुनी शोधून काढली. पाणी तीनतीनदा गाळलं. युरिया बदलला. ढवळायचा वेग कमी केला, मग वाढवला. भांडी दुसऱ्या कोणाच्या हातची नकोत म्हणून स्वतः घासली. शेजारच्या विभागात हातापाया पडून त्यांच्या भट्टीत एक खेप लावली. तिथे लोखंडाची कामं चालत, पुडीत गंज उतरला आणि उजेड मेलाच. जिवाचं रान केलं पोरीने. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते कळेना.

तिने जगातल्या सगळ्या गोष्टींवर संशय घेतला, फक्त आपल्या भट्टीवर घेतला नाही. का घेईल? त्या खोलीत धडधाकट अशी तीच एक वस्तू होती. काटा सांगेल त्या अंशावर थांबायची. हवेसाठी मागे धुराड्याचं भोक असतं, त्याचं पत्र्याचं झाकण ती प्रत्येक खेपेला उघडून ठेवत होती. एक गोष्ट तेवढी बदलली होती. पूर्वी संध्याकाळी बंद केलेली भट्टी सकाळी गार मिळायची. आता सकाळीही आत धग असायची आणि दार उघडताच दाण्यांच्या मुशीवरून एक लाल झाक सरकन जायची. दार किती छान धरतंय उष्णता, असं तिला वाटायचं आणि बाबांची आठवण यायची. आता अशा बाईला काय म्हणावं? तिच्या जागी दुसरं कोणी असतं तर त्याने पहिल्या आठवड्यात ती भट्टी उलटीपालटी करून पाहिली असती. पण दुसऱ्या कोणाच्या बापाने ती दुरुस्त केली नव्हती.

घरी रोज संध्याकाळी तोच प्रश्न वाट बघत असायचा. ती चपला काढते न काढते तोच खाटेवरून जड जिभेने बाबा विचारायचे, "भट्टी काय म्हणते?"

"मस्त आहे, बाबा."

"दार?"

"थप् करून बसतं."

मग ते समाधानाने डोळे मिटायचे. आईला हे रोजचं कीर्तन पाठ झालं होतं. "एक जण भट्टीचं विचारतो, दुसरी गोळ्यांचं गाऱ्हाणं सांगते," ती म्हणायची, "या घरात जेवलात का, असं विचारणारी मी एकटीच." पण आईच्या डोळ्यांतून काही सुटत नव्हतं. मुलगी वाळत चालली होती. ताटातलं अन्न नुसतं चिवडायची. कोणी बोलावलं तर दचकायची.

मग एके सोमवारी सरांनी तिला खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. तिच्या पोटात गोळा आला. भट्टीत येईना, पोटात मात्र वेळेवर आला.

"हे बघ, मी तुझ्यावर संशय घेत नाहीये," सर म्हणाले. असं म्हणून माणसं जे बोलतात तो संशयच असतो. "पण बाहेरच्या प्रयोगशाळेने तुझ्या पद्धतीने करून पाहिलं. नाही जमलं त्यांना. तुलाही पुन्हा जमत नाहीये. पहिली पूड संपली, जी होती ती त्यांच्याकडे चाचण्यांत गेली. आता संस्थेच्या चौकशी समितीला ताजा नमुना हवाय. शुक्रवारी बैठक आहे."

"आणि नाही दिला तर?"

"तर चूक झाली असं लिहून सही कर. निबंध मागे घेऊ. प्रकरण मिटेल."

"कसली चूक, सर?"

सरांनी टेबलावरचा पेपरवेट गोल फिरवला. "फोटोंची अदलाबदल झाली असेल. दुसऱ्या कोणाचा नमुना तुझ्या नावावर गेला असेल. होतं असं."

"माझेच गोळे होते, सर. तुम्ही पाहिलेत."

"मी फोटो पाहिला," सर म्हणाले. मग पेपरवेट थांबवून मऊ आवाजात म्हणाले, "तुझेच होते ना? मग कर की पुन्हा."

ती बाहेर आली आणि जिन्यात भिंतीला टेकून उभी राहिली. नोकरी जाणार हे उघड होतं. सही केली की कुठलीच प्रयोगशाळा तिला दारात उभी करणार नव्हती, हेही उघड होतं. पण तिला आतून खात होतं ते निराळंच. तिला आता स्वतःचाच भरवसा वाटेनासा झाला होता. खरंच पाहिले होते का ते गोळे? की आपणच कुठेतरी, नकळत, घोटाळा केला? तिला जगावंसं वाटेना. असं नुसतं म्हणायला नव्हे, खरोखर वाटेना. जिन्याच्या कठड्यावरून खाली पाहताना ती घाबरली आणि दोन पायऱ्या मागे सरकली.

मंगळवारी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई दुकानात गेली होती. बाबांच्या मेलेल्या हाताला रोज तेल लावून चोळायचं काम तिचं. ती वाटी घेऊन खाटेवर बसली.

"भट्टी काय म्हणते?"

ती तेल बोटांवर घेऊन चोळू लागली. बाबांनी पुन्हा विचारलं. आणि इतके दिवस दाबून धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"भट्टी ठणठणीत आहे, बाबा. मीच नालायक आहे. मला एक गोळा धड करता येत नाही. लोक म्हणतात मी खोटं केलं. शुक्रवारी मी खोटं केलं असं लिहून द्यायचंय." ती त्यांच्या हातावर डोकं टेकून रडली. त्या हाताला काही कळत नव्हतं.

बाबा गडबडून गेले. मुलीला जवळ घ्यायचं तर उजवा हात हलत नव्हता आणि डावा पोचत नव्हता. समजूत घालायला त्यांच्याजवळ एकच गोष्ट होती, तीच त्यांनी पुढे केली.

"भट्टीत खोट नाही, पोरी," ते तुटक तुटक म्हणाले. "ती चिंता सोड. मी दार तर केलंच. मागचं भोकसुद्धा बुजवलंय. आतून. तुझी आच फुकट जात होती त्यातून. पक्कं लिंपलंय."

तिचा हात थांबला.

"आतून लिंपलंत?"

"आतून. बाहेरचं झाकण ठेवलं तसंच. दिसायला बरं." त्यांच्या अर्ध्या तोंडावर हसू आलं. तेवढंच तोंड हसत असे.

ती तेलाची वाटी हातात धरून बसून राहिली. कोळसा जळायला हवा लागते. शाळेतलं पोरही सांगेल. हवा आत यायला एक वाट हवी, बाहेर जायला दुसरी. पूर्वी दाराच्या फटीतून ती आत यायची, मागच्या भोकातून निघून जायची आणि आतला कोळसा दिवसभर निवांत जळत राहायचा. आता दोन्ही वाटा बंद. कोळसा कवचात जसाच्या तसा कोंडलेला, आणि सकाळी ती दार उघडते तेव्हा त्या तापलेल्या कोळशाला एकदम वारा लागतो. ती सरकन जाणारी लाल झाक म्हणजे धग नव्हती. तिच्या डोळ्यांदेखत, तिच्याच हाताने दार उघडताना, तिचे गोळे फुटत होते. बाहेरच्या प्रयोगशाळेला का जमलं नाही तेही लख्ख कळलं. त्यांच्या भट्टीला चांगलं दार असणार.

आपण खोटारडे नाही. पहिला विचार हाच आला आणि जिवात जीव आला. दुसरा विचार आला तेव्हा तिने बाबांच्या तोंडाकडे पाहिलं.

"काय गं?" बाबा म्हणाले.

"काही नाही," ती म्हणाली आणि हात चोळू लागली.

दुसऱ्या दिवशी आई बाबांना स्पंजाने पुसत होती, मधे पडदा होता. तेवढ्यात पडद्याच्या अलीकडून मुलीने खाटेखालची पिशवी ओढली आणि छिन्नी-हातोडी काढून घेतली. आपल्याच घरात चोरी. ही पिशवी बाबांनी कोणाला देऊ दिली नव्हती. आता काय उपयोग, असं आई एकदा म्हणाली होती, तर त्यांनी जेवण सोडलं होतं.

प्रयोगशाळेत पोचल्यावर तिने आधी पळवाटा शोधल्या. दार नुसतं किलकिलं ठेवलं तर? भट्टी पेटेना, दार पुरतं टेकल्याशिवाय वीज येऊ नये असा खटका होता. जुनं दार वरून टेकायचं आणि खालून फट राहायची, म्हणून ते चालून जात होतं. नळीने बाहेरून हवा सोडली तर? नळी घालायलाही भोक हवंच. मग तिने सरांना फोन लावला. सर उचलेनात. सर अशा वेळी उचलत नसतात. शेवटी ती गुडघे टेकून भट्टीसमोर बसली, जिथे बाबा बसले होते तिथेच.

दाराच्या खालच्या कडेला छिन्नी लावली आणि हातोडी मारली. काही झालं नाही. म्हाताऱ्याचं काम होतं ते, असं तसं निघणार होतं होय? ती मारत राहिली. दोरी निघाली, मग सिमेंटचा एक टवका उडाला, मग दुसरा. हात भरून आले. तिला मोठ्याने शिव्या द्याव्याशा वाटल्या, आणि कोणाला द्यायच्या ते कळेना. बाबांनी वाईट काय केलं होतं? पोरीच्या भट्टीची फट बुजवली. चांगल्या कारागिराने आणि चांगल्या बापाने जे करावं तेच केलं. पण त्या करण्याने ती मरायला टेकली होती.

कड सुटल्यावर तिने टॉर्च घेऊन भट्टीत डोकं घातलं. मागच्या भिंतीत भोक कुठे होतं ते चटकन दिसेना, इतकं सफाईने लिंपलं होतं. बोटांनी चाचपडलं तेव्हा सापडलं. मधोमध एक खळगा होता. तिने टॉर्च जवळ नेला. अंगठा होता तो. ओलं सिमेंट शेवटी अंगठ्याने दाबून सारखं करायची बाबांची सवय होती. उजव्या अंगठ्याचा ठसा, नखाची तिरकी कापलेली कड, कातडीच्या रेघा, सगळं भाजून पक्कं झालेलं. कालच तिने त्याच अंगठ्याला तेल लावलं होतं आणि तो तिच्या हातात चिंधीसारखा पडून होता. इथे मात्र त्यात जोर होता.

ती भट्टीतून डोकं बाहेर काढून फरशीवर बसली. बाहेर कोणीतरी हसत बोलत व्हरांड्यातून गेलं. मग तिने मनाशी ठरवलं, हा तुकडा अख्खा काढायचा. बाजूने, हळूहळू, ठशाला धक्का न लावता. तिने छिन्नी तिरकी लावली आणि अगदी हलक्या हाताने ठोकायला सुरुवात केली. दुपार त्यातच गेली. पण पक्कं काम अर्धवट सुटत नाही. एक घाव जरा जोरात बसला आणि ठशाच्या मधून चीर गेली. पुढच्या घावाला सगळं मिळून भुगा होऊन खाली आलं आणि भोकातून पलीकडचा उजेड दिसला. तिने तो भुगा ओंजळीत घेतला. त्यातून अंगठ्याचा कुठलाच भाग ओळखू येत नव्हता.

तिने भट्टी झटकली, पुसली, थर चढवून ठेवलेले दाणे मुशीत भरून आत ठेवले आणि दार लावलं. थप् असा आवाज आला नाही. जुना खडखडाट आला. आच तिने अगदी हळूहळू वाढवली.

गुरुवारी दुपारी भट्टी गार होती. मुशीतली पूड पांढरीशुभ्र. दिवा धरला तर तीच जुनी लाली, डोळ्यांत भरणारी. तिला आनंद होईल असं वाटलं होतं. झाला तो नुसता थकवा. गारढोण खोलीत मायक्रोस्कोपवाल्याने तोंड उघडलं आणि तिचा चेहरा पाहून मिटलं. पडद्यावर चित्र आल्यावर त्याने खुर्ची मागे सरकवली. "बसा, बाई," तो म्हणाला. "आज रडलात तरी चालेल." ती बसली, पण रडली नाही.

सर धावत आले. पडद्याकडे पाहून त्यांनी तिची पाठ थोपटली आणि म्हणाले, "मला खात्री होतीच." काय बोलावं या माणसाला. शुक्रवारच्या बैठकीत ताजा नमुना गेला, कोणीही कसलीही सही मागितली नाही आणि पद्धतीत एका वाक्याची भर पडली: भाजताना भट्टीत हवा खेळती ठेवावी. त्या वाक्याची किंमत काय पडली ते समितीला कळायचं कारण नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी ती कुपी आणि लहानसा यूव्ही टॉर्च घेऊन घरी आली. बाबांना दाखवायचं आणि आपलं हवेचं, साखरेचं काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची, असं तिने ठरवलं होतं. छिन्नी तिने बुधवारीच पुसून पिशवीत सारली होती. बाबा उशीला टेकून बसले होते. पिशवी खाटेवर होती आणि छिन्नी त्यांच्या मांडीवर. आईने दारातूनच तिला नजरेने सांगितलं की मी नाही दिली, त्यांनीच मागून घेतली.

छिन्नीच्या मुठीपाशी एक खाच होती. त्या खाचेत पांढरी पूड राहून गेली होती. बाबा डाव्या हाताच्या बोटाने ती काढत होते आणि बोटांत चोळून बघत होते. आपलं सिमेंट ते ओळखणार नाहीत तर कोण ओळखणार?

"फोडलंस?" ते म्हणाले.

तिला खोटं बोलता आलं नाही. "हो."

"दार की भोक?"

"दोन्ही, बाबा." आणि मग तिने सगळं सांगितलं, हवेचं, कोळशाचं, शुक्रवारचं. भराभर सांगितलं, मधे थांबायची भीती वाटत होती. ते ऐकत होते. तिने खोलीतला दिवा घालवला, कुपी त्यांच्यासमोर धरली आणि टॉर्च लावला. लाल उजेड त्यांच्या अर्ध्या सरळ, अर्ध्या ओघळलेल्या तोंडावर पडला. ते बराच वेळ कुपीकडे पाहत राहिले.

"म्हणजे माझ्यामुळे," ते म्हणाले.

"तसं नाही, बाबा. तुमचं काम पक्कं होतं. ते निघता निघेना."

"हं," ते म्हणाले. "दिवा लाव. डोळे दुखतात."

तिने दिवा लावला. त्यांनी छिन्नी आईकडे दिली आणि पिशवी कोणाला हवी असेल तर देऊन टाक असं सांगितलं. जेवले नेहमीसारखे. आईने मुद्दाम दोनदा विचारलं, तर पोट भरलं म्हणाले.

त्याला आता बरेच महिने झाले. तिची नोकरी टिकली. तिच्या हाताखाली दोघी मुली शिकायला आल्या आहेत. गोळे आता लाल होतात, हिरवेही होतात. मायक्रोस्कोपवाल्याने भुगा आणि चुरा सोडून नवी थट्टा शोधली आहे. बाबांची जीभ पुष्कळ सुटली आहे. ते हवापाण्याचं बोलतात, शेजाऱ्यांचं बोलतात, आईशी भांडतातसुद्धा. भट्टीचं मात्र ते पुन्हा कधी विचारत नाहीत.

ती संध्याकाळी येते, चपला काढते आणि उगाच थोडा वेळ दारापाशीच घुटमळते. खाटेवरून काही आवाज येत नाही. मग ती हात धुते, तेलाची वाटी घेऊन त्यांच्याजवळ बसते आणि तो उजवा अंगठा चोळता चोळता आपणहूनच सांगते, "भट्टी बरी आहे, बाबा."

"बरं," बाबा म्हणतात आणि खिडकीकडे बघतात.